अन्नसुरक्षेचा परवाना, मानकं आणि सर्टिफिकेट: नागपूरच्या खाद्यव्यावसायिकांचे नेहमीचे प्रश्न

इतवारीतले मसालेवाले, हिंगण्याचे बेकरीवाले, बुटीबोरीतले पॅकिंग युनिटवाले, घरून डबे देणाऱ्या ताया यांना मी अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण देते. धंदे वेगळे असले तरी प्रश्न बहुतेक तेच येतात. घोळही एकाच ठिकाणी होतो. सरकारी परवाना, मानक आणि सर्टिफिकेट या तीन वेगळ्या गोष्टी लोक एकच धरून चालतात. मग ज्याची गरज नाही त्यावर पैसे जातात आणि ज्याची गरज आहे ते राहून जातं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझ्याकडे एफएसएसएआयचा नंबर आहे. म्हणजे माझा माल सर्टिफाइड झाला ना?

नाही. एफएसएसएआय म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, आणि त्याचा नंबर म्हणजे धंदा करण्याची कायदेशीर परवानगी. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि त्यानुसार खाद्यपदार्थ बनवणारा, साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा असा प्रत्येक जण नोंदणी किंवा परवाना घ्यायला बांधील आहे. नंबर १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी.

पाकिटावर हा नंबर आणि एफएसएसएआयचा लोगो दिसला म्हणजे उत्पादक सरकारच्या दप्तरी आहे, एवढंच कळतं. त्या पाकिटातला माल कुणी तपासून पास केला आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. जाहिरातीत ‘एफएसएसएआय सर्टिफाइड शुद्ध’ असं लिहायचा मोह बऱ्याच जणांना होतो. लिहू नका. ग्राहकाची दिशाभूल होते आणि कायद्यातही ते अडचणीचं आहे.

नोंदणी घ्यायची की परवाना?

धंदा केवढा आहे त्यावर ठरतं. २०११ च्या मूळ नियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना नोंदणी, त्यापुढे राज्याचा परवाना आणि मोठ्या उद्योगांना केंद्राचा परवाना अशी रचना होती. उलाढालीबरोबर रोजची उत्पादनक्षमताही पाहिली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मर्यादा, फी आणि मुदत सरकार बदलत असतं. त्यामुळे शेजारच्या दुकानदाराने तीन वर्षांपूर्वी काय भरलं यावर जाऊ नका. अर्ज भराल त्या दिवशी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवरच पाहून घ्या. अर्ज तिथेच होतो आणि स्वतः करता येतो. महाराष्ट्रात राज्य परवाना आणि नोंदणीचं काम अन्न व औषध प्रशासन पाहतं.

अर्जात व्यवसायाचा प्रकार नीट निवडा. मिरची कांडून पाकिटं भरणारा माणूस ‘किरकोळ विक्रेता’ म्हणून नोंदणी करून मोकळा होतो आणि तपासणीत उत्पादनाची मशिनं दिसली की अडकतो.

मी घरूनच लोणची-पापड करते. आमचा बचत गट आहे. आम्हालाही लागतं का?

लागतं. जागा घरची आहे की भाड्याची, याने फरक पडत नाही. लहान अन्न उत्पादकाच्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाराही येतो. म्हणजे रामनवमीच्या शोभायात्रेत किंवा दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मोठं अन्नदान करणाऱ्या मंडळांनीही हा विषय समजून घ्यायला हवा. हजारो लोकांच्या पोटात जाणारं अन्न सेवाभावाने वाटलं, म्हणून त्यातला धोका कमी होत नाही.

परवाना मिळाला. आता तपासणी आली तर अधिकारी काय पाहतात?

परवाना नियमांना जोडलेलं शेड्यूल ४. परवाना घेणाऱ्यातल्या फार थोड्या लोकांनी ते वाचलेलं असतं, हे मला फार खटकतं. कारण भारतातल्या अन्नसुरक्षेचा खरा पाया तोच आहे. त्याचे पाच भाग आहेत: पहिला नोंदणीवाल्या लहान व्यावसायिकांसाठी, दुसरा सगळ्या परवानाधारकांसाठी, पुढचे तीन दूध, मांस आणि केटरिंग यांच्यासाठी. भिंती-फरशी कशी असावी, पाणी पिण्यायोग्य आहे का, कच्चा आणि शिजलेला माल वेगळा ठेवला आहे का, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी झाली आहे का, कीटकनियंत्रण, कचरा, नोंदी, सगळं त्यात आहे.

नागपुरात यातला सर्वांत नाजूक भाग तापमानाचा. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचं. मधल्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. म्हणजे ओट्यावर ठेवलेलं पनीर, मावा, शिजलेला भात, सावजीचं उरलेलं मटण हे सगळं उघड्यावर असेपर्यंत त्याच धोक्याच्या पट्ट्यात असतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत जे तासभर चालून जातं, ते इथे उन्हाळ्यात चालत नाही. शंभर-दोनशे रुपयांत अन्नात खुपसायचा थर्मामीटर मिळतो. इतर कशाच्याही आधी तो घ्या.

पंचवीस कामगारांमागे निदान एक जण फॉस्टॅक हे एफएसएसएआयचं अन्नसुरक्षा प्रशिक्षण घेतलेला अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा, ही एफएसएसएआयची अपेक्षा आहे. मालकाने स्वतः बसण्यापेक्षा रोज भट्टीजवळ असणाऱ्या माणसाला या प्रशिक्षणाला पाठवा.

माझा तर्री पोह्याचा ठेला आहे. मला यातलं काय लागू?

नोंदणी, स्वच्छ पाणी, झाकलेलं अन्न, स्वच्छ हात. आणि दोन गोष्टी मुद्दाम सांगते.

पोहे, समोसे, भजी वर्तमानपत्राच्या कागदावर देऊ नका. छपाईची शाई गरम आणि तेलकट अन्नात उतरते. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न देणं, गुंडाळणं बंद केलं आहे. तर्री वरून ओतल्यावर तो कागद कसा पारदर्शक होतो ते आठवा. तेल कागदात जातं तशी शाई अन्नात येते.

दुसरी गोष्ट तळणीच्या तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तेल काळं, चिकट झालं, फेस बसेनासा झाला, कमी आचेवरच धूर यायला लागला की थांबा. आणि ते गटारात ओतू नका. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी घेणारे अधिकृत संकलक आहेत.

हॅसप म्हणजे नेमकं काय? सगळे म्हणतात, कुणी समजावून सांगत नाही.

हॅसप म्हणजे एचएसीसीपी: ‘हॅझर्ड अ‍ॅनालिसिस अँड क्रिटिकल कंट्रोल पॉइंट’, धोक्याचं विश्लेषण आणि निर्णायक नियंत्रण जागा. १९६० च्या सुमारास अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न बनवताना ही पद्धत आकाराला आली. तयार माल तपासून खात्री करायची तर जवळजवळ सगळा मालच फोडून तपासावा लागेल, हे तेव्हा लक्षात आलं. म्हणून माल बनत असतानाच धोका कुठे शिरतो ते शोधायचं आणि तिथेच अडवायचं, असं ठरलं. १९९३ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने त्याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. सात तत्त्वं आहेत, पण ती पाठ करून काही होत नाही. एक पदार्थ घेऊन बघू.

संत्रा बर्फी घ्या. मावा आला, संत्र्याचा गर आला, साखर घातली, कढईत आटवलं, ट्रेमध्ये ओतलं, थंड केलं, कापलं, वर्ख लावला, डब्यात भरलं. आता प्रत्येक पायरीवर विचारायचं की इथे काय बिघडू शकतं?

बहुतेक जण म्हणतात, ‘ताई, कढईत तर उकळी येते, जंतू राहतीलच कसे?’ मिश्रण नीट तापलं तर बहुतेक जिवाणू मरतात, हे खरं. पण मावा टेम्पोत दिवसभर गरम राहिला असेल तर त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू वाढून विष सोडून बसलेला असू शकतो. जिवाणू उष्णतेने मरतो, त्याचं विष मात्र शिजवूनही टिकतं. उलट्या होतात त्या या विषाने. म्हणून माव्याचं तापमान तो दारात उतरतानाच मोजायचं आणि जास्त असेल तर परत पाठवायचा. पुढे कढईने ते दुरुस्त होत नाही.

दुसरी जागा थंड झाल्यावरची. शिजलेली, निर्धोक बर्फी आता उघड्या हातांनी कापली जाते. बोटाला जखम असेल, नाक पुसलेला हात असेल, तर तोच जिवाणू पुन्हा आत येतो आणि यानंतर शिजवण्याची पायरीच नाही. तिसरी जागा धातूची: तुटलेली सुरी, घासणीची तार. चौथी रंगाची. मिठाईत परवानगी असलेला कृत्रिम रंगही किलोला १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, आणि मेटॅनिल यलोसारखा रंग अजिबात चालत नाही. तेव्हा चिमटीने रंग टाकणं बंद करून वजनाने टाकायचा.

यातल्या ज्या पायरीवर नियंत्रण सुटलं की माल धोकादायक होणारच, ती ‘निर्णायक नियंत्रण जागा’. तिथे मर्यादा आकड्यात ठरवायची, कोण आणि केव्हा मोजणार ते ठरवायचं, मर्यादा मोडली तर त्या घाण्याचं काय करायचं हे आधीच लिहून ठेवायचं, नोंद करायची, आणि हे सगळं खरंच नीट चालतं का ते अधूनमधून पडताळायचं. सातही तत्त्वं यात आली. एका पदार्थासाठी हे कागदावर यायला दोन पानं पुरतात. सल्लागाराने दीडशे पानांची फाइल दिली आणि त्यात तुमच्या कढईचा उल्लेखच नसेल, तर ती दुसऱ्या कुणाची तरी फाइल आहे.

आयएसओ २२०००, एफएसएससी २२०००, बीआरसीजीएस... मी कोणतं घेऊ?

आधी तुमच्या गिऱ्हाइकाला विचारा. माल फक्त नागपूर-अमरावती-रायपूरच्या दुकानांत जात असेल आणि कुणी मागत नसेल, तर शेड्यूल ४ मनापासून पाळा आणि हॅसप बसवा. सर्टिफिकेट नंतर बघू.

आयएसओ २२००० हे अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. पहिली आवृत्ती २००५ ची, आत्ताची २०१८ ची. त्यात हॅसप आहेच, शिवाय व्यवस्थापनाची जबाबदारी, अंतर्गत ऑडिट, सुधारणा हेही आहे. हॉटेल, केटरिंग, संस्थांना पुरवठा करणारे यांना साधारण हे पुरतं.

मोठ्या कंपन्या आणि परदेशी साखळी दुकानं ‘जीएफएसआय मान्यताप्राप्त’ सर्टिफिकेट मागतात. जीएफएसआय (ग्लोबल फूड सेफ्टी इनिशिएटिव्ह) २००० साली स्थापन झाली. ती स्वतः कुणाला सर्टिफिकेट देत नाही, कोणत्या योजना भरवशाच्या ते ठरवते. नुसतं आयएसओ २२००० त्या यादीत नाही. एफएसएससी २२००० आहे. त्यात आयएसओ २२०००, कारखान्याच्या पायाभूत स्वच्छतेचं वेगळं मानक आणि जास्तीच्या अटी असं तिन्ही एकत्र केलेलं आहे. बीआरसीजीएस ब्रिटिश किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेतून आलं आणि इंग्लंडला माल पाठवणाऱ्यांकडून बहुधा तेच मागितलं जातं. जर्मनी-फ्रान्सकडे आयएफएस, अमेरिकेकडे एसक्यूएफ जास्त चालतं. शेतातल्या संत्र्यासाठी ग्लोबलगॅप आहे, कारखान्यासाठीची मानकं बागेला लागू होत नाहीत.

एक गिऱ्हाईक अमुक मागतं, दुसरं तमुक, म्हणून दोन्ही घेणारे आहेत. बऱ्याचदा खरेदीदार जीएफएसआयमधलं कोणतंही एक मान्य करतो. लेखी विचारून घ्या.

परदेशी खरेदीदार एवढे कडक का? आपली मिरची आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोच आहोत.

याचा इतिहास मिरचीचाच आहे. २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान १ हा कापड-मेणाला वापरायचा रंग सापडला आणि युरोपीय संघाने मिरचीवर तपासणीची सक्ती केली. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका सॉसमधल्या मिरची पुडीत तोच रंग निघाला आणि तो सॉस वापरून बनवलेले शेकडो पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. एका पोत्यातली भेसळ इतक्या दूर पसरली. तेव्हापासून ‘ही पुडी कोणत्या लॉटची, तो लॉट कुणाकडून आला’ हा प्रश्न प्रत्येक ऑडिटमध्ये येतो. बीआरसीजीएसमध्ये हा माग चार तासांत काढून दाखवावा लागतो.

दुसरा विषय अफ्लाटॉक्सिनचा. हे बुरशीचं विष आहे. मिरची नीट न वाळवता ढिगात ठेवली, पावसाचा शिडकावा झाला की बुरशी धरते. भारतात मसाल्यांना किलोमागे एकूण ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, युरोपात मिरचीला १०. म्हणजे इथे पास झालेला माल तिथे नापास होऊ शकतो. भिवापूरच्या शेतकऱ्याने मिरची मातीत वाळवली की ताडपत्रीवर, ओल मोजून घेतली की हाताने चुरून, इथेच तो निकाल अर्धा लागलेला असतो. दळणाच्या चक्कीत विष जात नाही.

‘तीन दिवसांत आयएसओ, ऑडिट नाही’ असा मेसेज आला आहे. घेऊ का?

घेऊ नका. यात अनेक कष्टाळू लोकांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत, आणि वाईट याचं वाटतं की ते प्रामाणिकपणेच नियम पाळायला निघालेले होते.

आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त मानकं लिहिते. ती कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. देतात त्या स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना कुणीतरी मान्यता दिलेली असावी लागते. भारतात ते काम भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत एनएबीसीबी करतं. खऱ्या प्रक्रियेत ऑडिट दोन टप्प्यांत होतं: पहिल्यात कागद आणि तयारी, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. सर्टिफिकेट तीन वर्षांचं, पण दरवर्षी देखरेखीचं ऑडिट येतंच. एफएसएससीमध्ये तीन वर्षांत निदान एक ऑडिट न सांगता होतं.

तपासायचं कसं? सर्टिफिकेटवर प्रमाणन संस्थेबरोबर मान्यता देणाऱ्या संस्थेचाही लोगो हवा. व्याप्तीच्या (स्कोप) ओळीत, म्हणजे सर्टिफिकेट कशासाठी आहे त्या ओळीत, तुमचा पत्ता आणि तुमचा पदार्थ हवा, ‘ट्रेडिंग’ लिहिलेलं कारखान्याला चालत नाही. मग आयएएफ सर्टसर्च या संकेतस्थळावर नाव टाकून पाहा. एफएसएससी आणि बीआरसीजीएसच्या स्वतःच्या खुल्या याद्या आहेत. आणि एक खूण लक्षात ठेवा. जी संस्था म्हणते ‘फाइलही आम्हीच करून देऊ, ऑडिटही आम्हीच करू’, तिच्यापासून दूर राहा. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेला त्याच गिऱ्हाइकाला सल्ला देण्याची मनाई आहे.

ऑडिटर काय विचारतो? आमची माणसं घाबरतात.

घाबरायचं कारण नसतं, खरं सांगायचं असतं. ऑडिटर मालकापेक्षा कामगाराशी जास्त बोलतो. ‘हे का मोजता? जास्त आलं तर काय करता?’ एवढे दोन प्रश्न.

चिलरच्या दारावर लटकवलेलं रजिस्टर हमखास पाहिलं जातं. महिनाभर सकाळ-संध्याकाळ प्रत्येक रकान्यात ‘४’, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, आणि महिना मे. ऑडिटर त्याच दुपारी वीज केव्हा गेली होती ते विचारतो, जनरेटरची नोंद मागतो, आणि रजिस्टरमध्ये त्या वेळीही ४ असतं. असं रजिस्टर असण्यापेक्षा ‘दु. ३ वाजता ९ अंश, वीज गेली, माल दुसऱ्या चिलरमध्ये हलवला, सही’ असं लिहिलेलं कितीतरी चांगलं. बिघाड झाला म्हणून सहसा कुणी नापास होत नाही. बिघाड लपवला तर मात्र पुढच्या एकाही नोंदीवर विश्वास राहत नाही. कामगाराला आठ-नऊ आकडा लिहिल्यावर मालक ओरडणार असेल, तर तो चारच लिहिणार. हे रजिस्टर मालक दुरुस्त करतो, तेही आपल्या वागण्याने.

अ‍ॅगमार्क म्हणजे पण हेच का?

वेगळं. अ‍ॅगमार्क शेतमालाच्या प्रतीचं चिन्ह आहे, १९३७ च्या कायद्यातून आलेलं. मसाले, तूप, मध, डाळी यांची प्रतवारी त्यात होते. बहुतांश मालाला ते ऐच्छिक आहे, पण मिश्र खाद्यतेलासारख्या काही पदार्थांना सक्तीचं. आपल्याला याचं अप्रूप असायला हरकत नाही, कारण केंद्रीय अ‍ॅगमार्क प्रयोगशाळा नागपुरातच आहे.

हलाल, जैविक, हिरवा ठिपका?

यातलं एकही अन्नसुरक्षेचं सर्टिफिकेट नाही. ती पदार्थाच्या स्वरूपाबद्दल सांगतात. जैविक हळदीतही बुरशी असू शकते.

लॅबचा रिपोर्ट कुठून घ्यायचा?

एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या आणि एफएसएसएआयने अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतून. मान्यता प्रत्येक चाचणीपुरती असते, तेव्हा तुमची चाचणी त्यांच्या व्याप्तीत आहे का ते विचारा. नमुना स्वतः निवडून चांगला-चांगला पाठवलात तर रिपोर्ट चांगलाच येईल, आणि त्यातून तुम्हाला काही कळणार नाही.

मिठाईच्या काउंटरवर तारीख लावावी लागते का? सुटी विकतो आम्ही.

१ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ‘या तारखेपर्यंत उत्तम’ लिहिणं बंधनकारक केलं होतं. आज नेमकं काय लागू आहे ते अन्न व औषध प्रशासनाकडे विचारून घ्या.

अधिकारी नमुना घेऊन गेले. आता काय?

नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक अन्न विश्लेषकाकडे (सरकारच्या वतीने नमुना तपासणारा तज्ज्ञ), दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (डेझिग्नेटेड ऑफिसर). चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही करू शकता. खर्च तुमचा. हा हक्क त्याच वेळी वापरावा लागतो, नंतर आठवून उपयोग नाही. नमुन्याची किंमत अधिकाऱ्याने द्यायची असते. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर अपील करता येतं, त्याची मुदत अहवाल हाती आल्यापासून ३० दिवस.

मी व्यावसायिक नाही, गिऱ्हाईक आहे. मला एखाद्या मालाची शंका आली तर?

अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार करा. बिल आणि पाकीट जपून ठेवा. बिलावर १४ आकडी नंबर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. याशिवाय कायद्याच्या कलम ४० नुसार तुम्ही स्वतः विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. माल दोषी निघाला तर ती फी परत मिळते. अट एकच: तपासायला देणार आहे, हे दुकानदाराला विकत घेतानाच सांगावं लागतं.